पिंग जातंय, पण फाईल जात नाही!

"हॉस्टेलची पोरं रात्रभर पिक्चर डाउनलोड करतात, म्हणून सर्व्हर स्लो झालाय."

मे महिन्यात हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं, की शेवटी आम्हालाही ते खरं वाटायला लागलं. बीईच्या प्रोजेक्टचं सबमिशन चार दिवसांवर आलं होतं. रिपोर्ट, कोड, डेमोचा व्हिडिओ सगळं कॉलेजच्या फाईल सर्व्हरवर टाकायचं होतं. लॅबला लागणाऱ्या डिस्क इमेज त्याच सर्व्हरवरून घ्यायच्या होत्या. एरवी मिनिटभरात उतरणारी ७०० मेगाबाइटची इमेज उतरायला ४० मिनिटं लागत होती. अपलोड तर अर्ध्यात तुटायचं. मुळशीत ढग भरून आले की मोबाईलच्या सिग्नलचा काही भरवसा नाही, त्यामुळे "नेटवरून पाठवा" हा मार्गही बंद.

मग नेहमीप्रमाणे नोटीस लागली: हॉस्टेलचं नेटवर्क रात्री अकरा ते सकाळी सहा बंद. फर्स्ट इयरच्या एका मुलाचा लॅपटॉप ऑफिसात जमा झाला, कारण त्याच्या खोलीतून "जास्त डेटा" जाताना दिसला. तिसरीकडे सर्व्हरसाठी नवीन नेटवर्क कार्डाचं कोटेशन मागवून झालं होतं.

खरा गुन्हेगार वेगळाच निघाला. तो पकडताना जे शिकायला मिळालं ते सगळ्यांना उपयोगी पडेल, म्हणून हा लेख. कंप आणि आयटीवाल्यांनी "हे तर माहितीये" म्हणून पान उलटू नये. आम्हालाही परीक्षेपुरतं माहीत होतंच!

आधी मोजा, मग बोला

"स्लो" हा शब्द डॉक्टरला "बरं वाटत नाही" सांगण्यासारखा आहे. किती स्लो, कुठून कुठे, आणि कधीपासून, हे सांगितल्याशिवाय औषध नाही.

पहिली गोष्ट एककांची. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात, फाईल बाइटमध्ये मोजतात. १०० मेगाबिटच्या लाईनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट जाऊ शकतात. वरचा खर्च वजा जाता हाताशी ११ च्या आसपास येतात. म्हणजे ७०० मेगाबाइटला एक मिनिट आणि थोडं वर. आम्हाला ४० मिनिटं लागत होती, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३०० किलोबाइट. लाईनच्या क्षमतेच्या तीन टक्के सुद्धा नाही. हा आकडा कागदावर लिहिला आणि तिथेच पहिली शंका आली. गर्दीमुळे वेग कमी होतो, पण तो गर्दीप्रमाणे वरखाली व्हायला हवा. म्हणून लॅबमधल्या काकांच्या परवानगीने रात्री तीन वाजता, हॉस्टेलचं नेटवर्क बंद असताना, लॅबच्या एका पीसीवरून तीच फाईल उतरवली. सर्व्हरवर आमच्याशिवाय कोणी नाही. तरी ३०० किलोबाइटच!

पिक्चरवाल्या पोरांचा सिद्धांत इथेच अर्धा मेला. उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी मेला. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, त्याच स्विचमधून, फाईल पाठवली तर ११ मेगाबाइटने गेली. म्हणजे स्विच चालू, खोल्यांच्या वायरी चालू. गडबड फक्त सर्व्हर आणि स्विच यांच्यामध्ये.

तिसरी मोजणी सर्व्हरच्या डिस्कची. सर्व्हरवरच बसून डीडी कमांडने एक मोठी फाईल लिहिली आणि वाचली. डिस्क सेकंदाला शंभरच्या वर मेगाबाइट देत होती. प्रोसेसर तर झोपाच काढत होता. डिस्क निर्दोष, प्रोसेसर निर्दोष.

आणि पिंग? पिंग झकास. अर्धा मिलिसेकंद, एकही पाकीट गहाळ नाही. कार्डाचा हिरवा दिवा पेटलेला. इथेच बहुतेकजण फसतात. पिंग जातंय म्हणजे नेटवर्क ठीक, असा आपला समज असतो. पिंग जातंय याचा अर्थ इतकाच की एक छोटं पाकीट गेलं आणि एक छोटं पाकीट परत आलं. एकामागून एक. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलण्याची वेळच पिंगमध्ये सहसा येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

युनिक्स खोटं बोलत नाही

आमचा सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतो. युनिक्सच्या घराण्यात नेटवर्कची चौकशी करायला एक जुनी कमांड आहे: नेटस्टॅट, पुढे हायफन आणि आय. ती प्रत्येक कार्डाचा हिशोब दाखवते. किती पाकिटं आली, त्यात चुका किती, किती गेली, त्यात चुका किती, आणि शेवटच्या रकान्यात कोलिजन म्हणजे टकरी किती.

आजच्या काळात हा शेवटचा रकाना शून्य असायला हवा. आमच्याकडे तिथे सहा आकडी संख्या होती.

इथे एक काळजी घ्यायची. हे आकडे सर्व्हर सुरू झाल्यापासूनचे असतात. ते जुनं पाप असू शकतं. म्हणून आकडा लिहून ठेवा, एक मोठी फाईल पाठवा, परत आकडा बघा. फरक महत्त्वाचा, बेरीज नाही. आमचा आकडा फाईल चालू असताना रिक्षाच्या मीटरसारखा पळत होता.

मग आयएफकॉन्फिग. त्याच्या 'मीडिया' या ओळीत कार्ड आणि स्विच यांचं काय ठरलंय ते दिसतं. कार्ड गिगाबिटचं, पण ओळ सांगत होती: ऑटोसिलेक्ट, १०० बेस टीएक्स, हाफ ड्युप्लेक्स.

१०० समजू शकतो, कारण स्विच जुना १०० मेगाबिटचा. पण हाफ? आणि तेही या काळात? (लिनक्सवर हीच माहिती इथटूल कमांड देते, सोलारिसवर डीएलएडीएम. नाव वेगळं, प्रश्न तोच: वेग किती आणि ड्युप्लेक्स कोणता.)

हाफ आणि फुल म्हणजे काय?

१९७३ साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटवर काम सुरू केलं, तेव्हा सगळी यंत्रं एकाच जाड वायरीला जोडलेली असत. एका वेळी एकानेच बोलायचं. आधी ऐकायचं, कोणी बोलत नसेल तर बोलायचं. दोघं एकदम बोलले तर टक्कर. मग दोघांनी गप्प बसायचं, आणि मनाला येईल तेवढा वेळ थांबून परत प्रयत्न करायचा. हे हाफ ड्युप्लेक्स. मेसच्या रांगेत असते त्याहून जास्त शिस्त!

पुढे स्विच आले, प्रत्येक यंत्राला स्वतंत्र वायर मिळाली. त्या वायरीत जायला एक जोडी, यायला दुसरी. आता टक्कर होण्याचं कारणच उरलं नाही. दोघांनी एकाच वेळी खुशाल बोलावं. हे फुल ड्युप्लेक्स.

घाटातला रस्ता डोळ्यांपुढे आणा. अरुंद, एकाच गाडीचा पूल असेल तर समोर बघून, हॉर्न देऊन जावं लागतं. समोरून गाडी आली तर मागे यावं लागतं. दुपदरी पूल असेल तर काही बघायची गरज नाही. आता अशी कल्पना करा, की पूल खरोखर दुपदरी आहे. एका ड्रायव्हरला ते माहीत आहे, तो बिनधास्त येतो. दुसऱ्याची मात्र पक्की समजूत आहे की पूल एकपदरी. समोर दिवे दिसले रे दिसले की तो घाबरून ब्रेक मारतो, गाडीतला माल तिथेच टाकतो आणि मागे जातो. रस्ता मोकळा, गाडी दणकट, तरी माल काही पोचत नाही.

आमचा सर्व्हर हा दुसरा ड्रायव्हर होता. स्विच पहिला. याला म्हणतात ड्युप्लेक्स मिसमॅच.

आता पिंगचं कोडं सुटलं? पिंगमध्ये एक गाडी जाते, मग एक येते. पुलावर गाठ पडतच नाही. फाईल पाठवताना मात्र एका दिशेने डेटा आणि त्याच वेळी उलट दिशेने "मिळालं, मिळालं" अशा पोचपावत्या चालू असतात. प्रत्येक पोचपावती सर्व्हरला टक्कर वाटते.

उशिराची टक्कर

टक्कर झाली तर कार्ड परत पाठवतंच ना, मग इतका फरक का पडावा? हा प्रश्न आम्हालाही पडला. उत्तर आहे ६४ बाइटमध्ये.

इथरनेटच्या नियमाप्रमाणे सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची, म्हणजे ५१२ बिट. १०० मेगाबिटवर ती पाठवायला ५.१२ मायक्रोसेकंद लागतात. नियमातल्या लांबीची वायर असेल तर टक्कर व्हायची ती एवढ्या वेळातच होते. अशी टक्कर कार्ड स्वतःच निस्तरतं. जास्तीत जास्त १६ प्रयत्न करतं, वरच्या ऑपरेटिंग सिस्टीमला पत्ताही लागत नाही.

पूर्ण लांबीची १५१८ बाइटची फ्रेम जायला मात्र सुमारे १२१ मायक्रोसेकंद लागतात. मिसमॅचमध्ये स्विच नियम पाळत नाही (त्याच्या मते तो नियम लागूच नाही), त्यामुळे त्याची पोचपावती या १२१ मायक्रोसेकंदांत कधीही येऊन धडकते. पहिल्या ६४ बाइटनंतरच्या या टकरीला लेट कोलिजन म्हणतात. ती सहसा कार्ड निस्तरत नाही. फ्रेम सोडून देतं आणि हात झटकतं.

मग काम येतं टीसीपीकडे. बिचाऱ्या टीसीपीला वाटतं रस्त्यात कुठेतरी गर्दी आहे, म्हणून पाकीट हरवलं. ते सभ्यपणे वेग कमी करतं. पोचपावत्याच आल्या नाहीत तर २०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त नुसतं वाट बघत बसतं. ऐकायला २०० मिलिसेकंद काहीच नाही. पण तेवढ्या वेळात त्याच वायरीवरून अडीच मेगाबाइट गेले असते! सेकंदात दोन-तीनदा असं झालं की ११ मेगाबाइटचे ३०० किलोबाइट होतात.

दुसऱ्या टोकाला स्विचला काय दिसतं? अर्धवट तुटलेल्या फ्रेम. म्हणून त्याच्या पोर्टवर एफसीएस एरर आणि रंट यांचे आकडे वाढतात. ही जोडी लक्षात ठेवा: एका बाजूला लेट कोलिजन, दुसऱ्या बाजूला एफसीएस एरर. दोन्ही एकत्र दिसले की निदान जवळजवळ पक्कं.

पण बिघडलं कसं?

मेच्या पहिल्या आठवड्यात वळवाचा जोरदार पाऊस झाला. वीज कडाडली आणि सर्व्हर रूममधला स्विच गेला. काकांनी स्टोअरमधून एक जुना, चोवीस पोर्टचा स्विच काढून लावला. काम चालू झालं, सगळे खूष. त्या स्विचच्या पोर्ट एकवर कोणीतरी, बहुधा आपल्या कितीतरी बॅच आधी, वेग हाताने ठरवून ठेवला होता: १०० फुल. नेमका त्याच पोर्टला सर्व्हर जोडला गेला.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथे आहे. १९९५ च्या ८०२.३यू या मानकाने १०० मेगाबिटच्या इथरनेटबरोबर ऑटोनिगोसिएशन आणलं. दोन्ही टोकं एकमेकांना छोटे पल्स पाठवून सांगतात, "मला हे हे जमतं." दोघांना जमणाऱ्यातलं सर्वांत चांगलं निवडलं जातं. पण एका टोकाला कोणी हाताने "१०० फुल" ठरवून टाकलं, तर बरीच यंत्रं हे पल्स पाठवणंच बंद करतात. समोरचा बिचारा विचारत राहतो, उत्तर नाही. सिग्नलच्या धाटणीवरून त्याला वेग ओळखता येतो, पण ड्युप्लेक्स ओळखायला कुठलीच खूण नसते. अशा वेळी हाफ धरायचं, असं मानकच सांगतं. म्हणजे आमच्या सर्व्हरने काहीही चूक केली नव्हती. नियमाप्रमाणे वागला, आणि शिव्या खाल्ल्या.

त्या जुन्या माणसालाही नावं ठेवायला नकोत. नव्वदच्या दशकात वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं आणि स्विच यांचं ऑटोनिगोसिएशन नीट जमत नसे. "सर्व्हरचा पोर्ट हाताने फिक्स करा" हा तेव्हाचा शहाणपणाचा सल्ला होता. सल्ला जुना झाला, सेटिंग तसंच राहिलं. कहर म्हणजे स्विच उलटा करून बघितला तर खाली मार्करने लिहिलेलं होतं: "पोर्ट १, १०० फुल". उत्तर पाठीवर लिहिलेलं, आणि आम्ही चार दिवस पेपर सोडवतोय!

दुरुस्ती, आणि दुरुस्तीतला सापळा

पहिला मोह असा होतो, की सर्व्हरवरही १०० फुल ठरवून टाकावं. दोन्हीकडे फुल, प्रश्न मिटला. आज मिटेल. पण उद्या नवा स्विच आला, तो ऑटोवर असला, की तोच आजार उलट्या बाजूने परत होईल. तेव्हा हाफ स्विचच्या बाजूला असेल आणि शोधणारा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करेल. शिवाय १९९९ मध्ये आलेल्या तांब्याच्या वायरीवरच्या गिगाबिट इथरनेटला ऑटोनिगोसिएशन लागतंच. म्हणून आजचा सरळ नियम: दोन्ही बाजू ऑटो. एका बाजूला काही कारणाने फिक्स करावंच लागलं, तर दुसरी बाजूही तशीच करा आणि ठळक लिहून ठेवा. एक ऑटो आणि एक फिक्स, हे मात्र कधीच नाही.

सरांनी कन्सोलची केबल लावून स्विचचा पोर्ट एक ऑटोवर टाकला. सर्व्हरला हातही लावला नाही. दोन सेकंद दिवा विझला, परत पेटला, आणि मीडियाच्या ओळीत फुल ड्युप्लेक्स आलं. आयपर्फ या प्रोग्रॅमने दोन्ही दिशांनी वेग मोजला: ९४ मेगाबिट. १०० च्या लाईनवर एवढंच येतं, यापेक्षा जास्त मागू नये. ७०० मेगाबाइटची फाईल मिनिटाच्या थोडी वर उतरली. टकरींचा मीटर जागेवर थांबला.

एक सूचना: असलं सेटिंग बदलताना लांबून एसएसएच करून बदलू नका. लिंक गेली तर तुम्ही ज्या फांदीवर बसलात तीच तोडली! सर्व्हरच्या समोर कीबोर्डवर बसा, आणि सबमिशनच्या तासाला तर अजिबात नको.

ड्युप्लेक्स ठीक असेल तर?

तर पुढचा संशयित वायर. १०० मेगाबिटला चारपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. एक जोडी तुटली की काही कार्डं गुपचूप गिगाबिटवरून १०० वर उतरतात. आपल्याकडे ताम्हिणीकडून येणारा पाऊस चार महिने भिंतीत मुरतो, जॅकच्या पितळी टोकांवर हिरवट थर चढतो. तेव्हा टकरी नसतील पण येणाऱ्या पाकिटांत एरर वाढत असतील, तर आधी केबल बदलून बघा. सर्वांत स्वस्त प्रयोग सर्वांत आधी.

त्यानंतर कार्ड, ड्रायव्हर, बफर. आणि प्रोसेसरवरचा भार, कारण पाकिटं हाताळायलाही प्रोसेसरचा वेळ जातो. हा मुद्दा किती मोठा असू शकतो याचं उदाहरण पुण्यातच आहे. सी-डॅकने १९९८ साली उभा केलेला परम १०००० हा महासंगणक म्हणजे सन कंपनीच्या युनिक्स सर्व्हरांचा समूह होता. असे सर्व्हर एकत्र काम करताना एकमेकांशी किती वेगाने बोलतात, यावर सगळा खेळ अवलंबून असतो. म्हणून सी-डॅकने त्यांना जोडण्यासाठी परमनेट हे खास वेगवान जाळं स्वतः तयार केलं, आणि पुढे २००३ च्या परम पद्मसाठी त्याची दुसरी आवृत्ती काढली. महासंगणक असो की हॉस्टेलचा फाईल सर्व्हर, प्रोसेसर कितीही तगडा असला तरी माल बाहेर पडतो तो कार्डाच्या दारातूनच.

शेवटी

कार्डाचं कोटेशन रद्द झालं. नोटीस दुसऱ्या दिवशी निघाली. सगळ्यांचं सबमिशन वेळेत झालं. फर्स्ट इयरच्या त्या मुलाचा लॅपटॉप परत मिळाला. तो "जास्त डेटा" म्हणजे सर्व्हरवरून पुन्हापुन्हा तुटणारी लॅबची डिस्क इमेज होती, त्याने ती एकोणीस वेळा उतरवायचा प्रयत्न केला होता! रेक्टर सरांनी त्याला बोलावून चहा पाजला आणि "तूच तक्रार का नाही केलीस?" असं विचारलं. तो म्हणाला, "सर, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय."

हे वाचणाऱ्या प्रत्येक फर्स्ट इयरवाल्याला एवढंच सांगायचंय: वेळ मोज, आकडा लिही, आणि येऊन सांग. आकडा हातात असला की ज्युनियरचंही ऐकावं लागतं. आणि सीनियर व सर मंडळींना विनंती, की पुढच्या वेळी सर्व्हर स्लो झाला तर नोटीस टाईप करायच्या आधी फक्त एकदा नेटस्टॅट टाईप करा. सर्व्हर रूमच्या दाराच्या आत आता एक कागद चिकटवलाय. त्यावर कोणत्या पोर्टला काय सेटिंग आहे आणि ते कोणत्या तारखेला केलं, ते लिहिलेलं आहे. सेटिंग बदललंत तर तो कागदही बदला. स्विचच्या पाठीवर लिहू नका!